आर्किटेक्चर आणि इंटिरिअरमध्ये करिअर: पुण्यातल्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्या सदाशिव पेठेतल्या ऑफिसात फोन सुरू होतात. कुणाची भाची असते, कुणाच्या शेजारणीचा मुलगा असतो. गेली अठरा वर्षं मी घरं बांधते आहे आणि लोकांच्या घरांचं इंटिरिअर करते आहे. प्रश्न दर वर्षी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आमची मुलगी चित्रं फार सुंदर काढते. तिला आर्किटेक्चरला घालावं का?

एवढ्यावरून ठरवू नका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड असेल तर हात बसलेला आहे, त्याचा पहिल्या वर्षी नक्की उपयोग होतो. पण हाताइतकाच डोळाही लागतो, आणि तो चित्रकलेच्या वहीत दिसत नाही. मावशीच्या इमारतीचा जिना चढताना दम लागतो आणि आजीच्या घरचा जिना तेवढाच उंच असून लागत नाही, हे तिच्या लक्षात येतं का? आलं तर ती पायऱ्या मोजून बघते का?

घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. एका रविवारी तिच्या हातात मेजरिंग टेप आणि कोरा कागद द्या आणि राहत्या घराचा नकाशा काढायला सांगा. भिंतींची जाडी, दारं कोणत्या बाजूला उघडतात, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर आहे, सगळं. पहिल्या प्रयत्नात खोल्या एकमेकींना जुळत नाहीत, कुठेतरी सहा इंच कमी पडतात. चूक शोधायला ती परत टेप घेऊन उठली, तर खुशाल घाला. कंटाळून कागद बाजूला ठेवला, तर चित्रकलेसाठी दुसऱ्या चांगल्या वाटा आहेत, त्या बघा.

आर्किटेक्ट आणि इंटिरिअर डिझायनर यांत कायद्याने काय फरक आहे?

वास्तुविशारद कायदा १९७२ सालचा आहे. मान्यताप्राप्त पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. बंदी आहे ती हे बिरुद वापरण्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कायद्याच्या कलम ३७ चा हाच अर्थ लावला. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी वैधानिक परिषद नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो, आणि लावतातही. त्यामुळे इंटिरिअरमध्ये तुमची ओळख तुमच्या केलेल्या कामावरच ठरते. 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स' ही १९७२ पासूनची व्यावसायिक संघटना आहे आणि तिची पुण्यात शाखा आहे. तिचं सभासदत्व ऐच्छिक आहे, पण नव्या माणसाला ओळखी होण्यासाठी चांगलं.

बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या पदवीला, प्रवेश कसा मिळतो?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. सोबत रसायनशास्त्र किंवा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या यादीतला एखादा विषय, आणि एकूण किमान ४५ टक्के. गणित घेऊन दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला असेल तरी चालतं. शिवाय 'नाटा' (आर्किटेक्चरची राष्ट्रीय अभियोग्यता चाचणी) किंवा जेईई मेनचा पेपर दोन, यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते. राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून होतात. एनआयटी आणि 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर'सारख्या केंद्रीय संस्थांसाठी जेईईचा पेपर दोनच लागतो, त्यामुळे जमलं तर दोन्ही परीक्षा द्या. नियमांत दर वर्षी थोडंफार बदलतं. क्लासच्या पत्रकावर विसंबू नका, कौन्सिलचं आणि सीईटी सेलचं संकेतस्थळ स्वतः वाचा.

क्लास लावायलाच हवा का, हेही विचारतात. चित्रकलेचा आणि तर्काच्या प्रश्नांचा सराव हवा. तो घरी होत असेल तर पैसे वाचवा.

पुण्यात कोणती कॉलेजेस आहेत, आणि निवड कशी करावी?

बरीच आहेत. कर्वेनगरला मुलींसाठी भानुबेन नानावटी कॉलेज, भारतीय कला प्रसारिणी सभेचं, भारती विद्यापीठाचं, मराठवाडा मित्र मंडळाचं, सिंहगडचं, आकुर्डीला डी. वाय. पाटील, कॅम्पात अलाना, उंड्रीला ब्रिक. शहर-नियोजनात रस असेल तर सीओईपीमध्ये प्लॅनिंगची पदवी आहे.

यांत पहिलं-दुसरं मी लावणार नाही. तुम्ही मात्र प्रवेशाआधी एक दुपार काढून त्या कॉलेजात जा आणि स्टुडिओत डोकवा. भिंतींवर मुलांची शीट्स, म्हणजे ड्रॉइंगचे मोठे कागद, लागली आहेत का? सगळी एकाच छापाची आहेत का? वर्कशॉपमध्ये लाकूड, विटा, सिमेंट दिसतंय की खोलीला कुलूप आहे? शिकवणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः प्रॅक्टिस करतात? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं बोललात तर माहितीपुस्तकापेक्षा जास्त कळेल. फीचा आकडा विचारताना सोबत शीट्स, मॉडेलचं सामान, ड्रॉइंगच्या मोठ्या प्रिंट, लॅपटॉप आणि अभ्यासदौरे यांचा वर्षाचा खर्चही विचारा. तो कुठेच छापलेला नसतो आणि पालकांची तारांबळ तिथेच उडते.

मला फक्त इंटिरिअर करायचं आहे. पाच वर्षं कशाला घालवू?

घालवायलाच हवीत असं नाही. बारावी कोणत्याही शाखेतून झाली असली तरी इंटिरिअरचे पदवी आणि डिप्लोमा अभ्यासक्रम आहेत. एक वर्षाचा, तीन वर्षांचा, चार वर्षांचा, सगळे मिळतात. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) किंवा आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी त्यांच्या वेगळ्या प्रवेशपरीक्षा असतात.

माझं मत स्पष्ट आहे: एक वर्षाच्या कोर्सवर थांबू नका. त्यात सॉफ्टवेअर येतं, रंगसंगतीची तोंडओळख होते, पण कडाप्पा, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ यांतलं कोणतं हळदीचा डाग धरतं, हे कळायला वेळ लागतो. पैशांची अडचण असेल तर एक वर्षाचा कोर्स करून लगेच एखाद्या कामसू ऑफिसात लागा आणि तिथे तीन वर्षं टिका. असं शिकलेले उत्तम डिझायनर मी पाहिले आहेत.

इंटिरिअरवाल्याला इमारतीचं स्ट्रक्चर कळून काय करायचं?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पहिली मागणी असते, "ही मधली भिंत काढून हॉल मोठा करू." ती काढता येते का, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. साधारण तीस वर्षांपूर्वीच्या आरसीसी इमारतीत भार खांब-तुळया घेतात. मधली विटांची भिंत बहुतेक वेळा नुसती आडोशाची असते. पेठेतल्या जुन्या इमारतीत मात्र भिंतच भार घेत असू शकते. आणि बाणेर, वाकड, हिंजवडीकडच्या नव्या टॉवरांमध्ये मायवान पद्धतीने बांधलेलं असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. तिथे बेडरूममधली साधी दिसणारी भिंतही इमारतीला उभं ठेवते. ती पाडायची तर नाहीच, विजेच्या वायरीसाठी खोल झिरीसुद्धा मारायची नाही. तिथे वायरी पॅनेलमागून किंवा फॉल्स सीलिंगमधून न्याव्या लागतात, आणि हे डिझाइन करायला बसण्याआधी ठाऊक असावं लागतं.

शंका आली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, त्याचं लेखी मत घ्या, सोसायटीची परवानगी घ्या. ग्राहक घाई करेल. तरी थांबा. खालच्या मजल्यावरही माणसं राहतात.

मराठी माध्यमातून शिकलो आहे. निभाव लागेल का?

लागेल. मीही मराठी शाळेतलीच. पहिल्या सत्रात ज्युरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, इंग्रजीत बोलताना घसा कोरडा पडतो, वर्षभरात ते जातं. शीट नीट असेल तर वाक्य अडखळलं तरी परीक्षक समजून घेतात. आणि साइटवर गेलात की गंमत उलटी होते. गिलावा, ओळंबा, गुण्या, रंधा, बिजागरी, कडी-कोयंडा हे शब्द ज्याला घरातून मिळाले आहेत, त्याचं आणि गवंड्याचं लगेच जुळतं. सुतारकाम करणारे बरेचसे कारागीर राजस्थान-उत्तर प्रदेशाकडचे असतात, त्यामुळे हिंदीही सफाईने यायला हवी.

पाच वर्षांत नेमकं काय करतात?

डिझाइन स्टुडिओ हा कणा. त्याच्या आजूबाजूला बांधकाम, साहित्य, स्ट्रक्चर, इतिहास, हवामान, सेवा म्हणजे पाणी, वीज, ड्रेनेज. एक पूर्ण सत्र एखाद्या ऑफिसात प्रशिक्षणाला जातं आणि शेवटी प्रबंध. सबमिशनच्या आठवड्यात जागरणं होतात. ती मिरवायची सवय लावून घेऊ नका. रात्री तीन वाजता कटरने माउंट बोर्ड कापताना बोटं कापलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यातून मॉडेल सुधारलेलं पाहिलेलं नाही.

साइटवर जायलाच हवं का? आता सगळं थ्रीडीत दिसतं ना?

या प्रश्नाचं उत्तर मला जरा थांबून द्यायचं आहे, कारण या व्यवसायाबद्दल मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. तुम्ही कागदावर ओढलेली प्रत्येक रेघ कुणीतरी हाताने बनवणार असतो आणि कुणीतरी त्यात राहणार असतो. थ्रीडीत हे दोघंही नसतात.

नव्याने काम सुरू केलं तेव्हा मी सहकारनगरमधल्या एका घराचं स्वयंपाकघर केलं. ओट्याची उंची ३४ इंच, प्रमाण मानतात तशी. काम देखणं झालं, फोटोही काढले. चार महिन्यांनी सहज भेटायला गेले, तर ओट्याच्या पायाशी एक लाकडी पाट. त्या घरात पोळ्या आजी करत होत्या, आणि माझी गाठभेट कायम त्यांच्या सुनेशी झालेली. आजींची उंची पाच फुटांच्या आत. पाटावर उभ्या राहून त्या पोळ्या लाटत होत्या, आणि दर पोळीला तव्याकडे वळताना डावा पाय आधी खाली ठेवायचा, मग पाट सरकू नये म्हणून उजव्या टाचेने दाबून धरायचा. मला त्यांनी चहा दिला, एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी स्वयंपाकघराचं ड्रॉइंग सुरू करण्याआधी पोळ्या लाटणाऱ्या माणसाला उभं करून कोपराची उंची मोजते. ओटा कोपरापासून चारेक इंच खाली, लाटायची जागा जमत असेल तर आणखी थोडी खाली.

दुसरी गोष्ट एका सुताराची. बेडरूमचं कपाट, मी बिजागरीची दारं दाखवलेली. त्याने ड्रॉइंग बघितलं, काही न बोलता खिशातून खडू काढला आणि मोकळ्या फरशीवर पलंग काढला, मापात. मग कपाट काढलं. मग दोरी धरून दाराची कमान फिरवली. खडूची रेघ पलंगाच्या आत चार बोटं गेली. "मॅडम, रोज सुबह टकराएगा," एवढंच म्हणाला. कपाटाला सरकती दारं केली.

त्याच माणसाने मला जाडी शिकवली. प्लाय १८ मिलीमीटरचा, पण दोन्ही बाजूंचं लॅमिनेट धरलं की जवळजवळ २० होतो. कागदावर १८ धरून पाच उभे कप्पे काढलेत तर जवळपास सेंटिमीटरभर जागा गायब होते आणि तयार आलेला ड्रॉवर बसत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. फरक एवढाच, की साइटवर ते एकदा कळलं की विसरत नाही.

म्हणून विद्यार्थीदशेतच साइटवर जायला लागा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये चक्कर मारा, तापकीर गल्लीत दिव्यांचे भाव विचारा, रविवार पेठेत बिजागऱ्या हातात घेऊन वजन बघा. दुकानदार सुरुवातीला वैतागतात, तिसऱ्या वेळेला स्वतःहून समजावून सांगतात.

मुलींना साइटवर अडचण येते का?

येते, पण लोक समजतात ती नाही. कारागीर सहसा नीट वागतात. तुम्हाला काम कळतं हे दिसलं की 'ताई' किंवा 'मॅडम' म्हणून ऐकतातही. खरी अडचण स्वच्छतागृहाची. चालू बांधकामावर ते नसतं किंवा वापरण्यासारखं नसतं, आणि मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. मी स्वतः हे करून आजारी पडले आहे. आता माझ्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात कुलूप लागणारं तात्पुरतं स्वच्छतागृह ही पहिली ओळ असते. ठेकेदार कुरकुरतात, मग करतात. कामावरच्या बिगारी बायकांनाही त्याची किल्ली मिळते.

पगार किती मिळतो? स्वतःचं ऑफिस कधी काढावं?

सुरुवातीचा पगार कमी असतो. पाच वर्षं शिकून आयटीतल्या मित्रापेक्षा कमी पैसे हातात येतात, तेव्हा घरात बोलणी बसतात. त्याची तयारी ठेवा. पण बिनपगारी काम करू नका. 'अनुभव मिळतोय' म्हणून पदवीधराला फुकट राबवणारी ऑफिसं आहेत, त्यांना नम्रपणे नकार द्या.

ऑफिस काढण्याआधी किमान तीन-चार वर्षं दुसऱ्याकडे काम करा, आणि त्यात एक तरी काम पायापासून किल्ली देईपर्यंत बघा. फी तीन प्रकारे घेतात: कामाच्या खर्चाच्या टक्केवारीने, चौरस फुटावर किंवा ठोक. नव्या माणसाने ठोक रक्कम ठरवून टप्प्यांत वाटून घ्यावी, कारण टक्केवारीत ग्राहकाला वाटत राहतं की ही मुद्दाम महाग टाइल सुचवते आहे. करार लेखी करा, अगदी मामाच्या घराचं काम असलं तरी. किती वेळा डिझाइन बदलून द्याल, साइटला किती भेटी द्याल, हे त्यात हवं. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आली. कंपनीचं काम केलंत तर फीमधून १० टक्के टीडीएस कापून जातो, तो हिशोबात धरा.

आणि दुकानदारांचं कमिशन. प्लायवाला, टाइलवाला, मॉड्युलर किचनवाला, सगळे देऊ करतात. आर्किटेक्टसाठी १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार ते घ्यायला मनाई आहे. इंटिरिअर डिझायनरला असा नियम नाही, म्हणून बाजारात ते सर्रास चालतं. घेऊ नका. ग्राहकाने तुम्हाला पैसे दिलेले असतात ते त्याच्या बाजूने निवड करण्यासाठी. फी कमी वाटत असेल तर ती वाढवून मागा.

एआयमुळे हे काम राहील का?

हॉलचं सुंदर चित्र आता अर्ध्या मिनिटात तयार होतं, त्यामुळे नुसती चित्रं काढून देणाऱ्यांचं काम घटेल. बाथरूमच्या फरशीचा उतार जाळीकडे आहे का, वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी साठवून खालच्या छताला ओल दिसते का, हे बघायला माणूस लागतोच. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट ही सॉफ्टवेअर शिका, नवी साधनंही वापरा. टेपही खिशात ठेवा.

प्रॅक्टिस करायची नसेल तर?

वाटा भरपूर आहेत. एम.आर्क. करून लँडस्केप, वारसा-जतन, नगररचना. एमपीएससीमधून नगर रचना विभागात जाता येतं, त्याचं संचालनालय पुण्यातच आहे. सेट डिझाइन, प्रदर्शनं, फर्निचर, शिकवणं. फर्निचरला कमी लेखू नका. प्रित्झकर हे वास्तुकलेतलं जगातलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यातच, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात जन्मले. २०१८ साली त्यांना ते पारितोषिक मिळालं.

सुट्टीत, आत्ता लगेच काय करू?

बघायला बाहेर पडा. विश्रामबागवाडा १८०७ चा. दर्शनी लाकडी सज्जाखाली उभं राहा, सुरूच्या आकाराचे खांब बघा, आणि भर दुपारी रस्त्यावरून आत चौकात जाताना हवा कुठे बदलते ते लक्षात घ्या. मग मंडईची १८८६ ची दगडी इमारत. परवानगी मिळाली तर विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची: काळा दगड, मधला कुंड, आणि एका अंगणातून दुसऱ्यात जाताना उलगडत जाणारं आकाश. फोटो नंतर काढा, आधी वहीत रेखाटा, चुकलं तरी.

आणि घरी आल्यावर स्वयंपाकघर मोजा. ओटा, मांडण्या, सिंक, गॅसपासून फ्रिजपर्यंतची पावलं. मोजताना आई तिथेच असू द्या. वरच्या कोणत्या फळीपर्यंत तिचा हात पोचत नाही, हे तिला विचारा आणि तेही नकाशात लिहा.